बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे

सुरतेहून खानदेशाकडे येणारी आगगाडी गुजरातची हद्द ओलांडते, तेथे नवापूर हे गाव लागते. हल्ली ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. या गावच्या रेल्वे-स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातेत आहे. फलाटावरील एका बाकाचे एक टोक एका राज्यात आणि दुसरे टोक दुसऱ्या राज्यात असल्यामुळे प्रवाशांस त्याची मोठी मौज वाटते. गावाजवळून रंगावली नदी वाहते. सभोवार डोंगरांच्या ओळी, सागाची व बांबूची राने आणि त्या रानांच्या कडेने मावची, भिल्ल, कोकणी अशा आदिवासी लोकांचे पाडे आहेत. पावसाळा लागला, की हा सारा प्रदेश हिरवागार होऊन जातो. डोंगरउतारावरून ओहोळ धावू लागतात, आणि उन्हाळ्यात उदास वाटणारे माळ ओळखू येईनासे होतात.

सन 1903 मध्ये याच नवापुरात एका मुलाने आपली पहिली कविता लिहिली. तिचे नाव ‘वनमुकुंद’. मुलाचे वय तेव्हा अवघे बारा-तेरा वर्षांचे, म्हणजे हा पाठ वाचणाऱ्या मुलामुलींएवढेच होते. नाव त्र्यंबक. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्याला बालकवी या नावाने ओळखले.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1890 रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. हे गाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते. पोलिसाची नोकरी म्हणजे फिरतीची नोकरी. बदलीचा हुकूम आला, की चंबूगबाळे आवरावे आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड थाटावे, असा या कुटुंबाचा क्रम होता. अशा बदल्यांत मुलांच्या शिक्षणाची मोठी आबाळ होते. एका शाळेत जीव रमतो न रमतो, तोच ती शाळा सुटते. नुकते जोडलेले सवंगडी दुरावतात, आणि नव्या गावी पुन्हा अनोळखी चेहऱ्यांपुढे उभे राहावे लागते. त्र्यंबकाच्या वाट्यास हे सारे आले. परंतु या भटकंतीने त्याला एक गोष्ट भरपूर दिली. खानदेशातील नद्या, नाले, मळे, माळ, डोंगर आणि आभाळ त्याने लहानपणीच डोळे भरून पाहिले. नवापूरसारखे रानाच्या कुशीतील गाव त्यांपैकीच एक.

त्या काळी मुलांनी वाचावीत अशी मराठी पुस्तके फार थोडी होती. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले होते. ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे मासिक मिशनरी मंडळी चालवीत. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक निघाले ते 1906 साली, म्हणजे त्र्यंबकाने पहिली कविता लिहिल्यानंतर तीन वर्षांनी. रंगीत चित्रांची, मोठ्या टायपात छापलेली, केवळ मुलांच्या आनंदासाठी काढलेली पुस्तके आज जशी हाती येतात, तशी तेव्हा कोणत्याही खेड्यात मिळत नसत. मुलांच्या कानी पडे ती मोठ्या माणसांची कविता. घरोघरी श्रीधर कवीचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ मोठ्याने वाचले जात. पहाटे जात्यावर बायका ओव्या म्हणत. शाळेत परशुरामतात्या गोडबोले यांनी 1854 साली सिद्ध केलेल्या ‘नवनीत’ या संग्रहातील मोरोपंतांच्या आर्या व वामन पंडितांचे श्लोक पाठ करावे लागत. अर्थ पुष्कळदा समजत नसे. चाल मात्र कानात बसे आणि शब्द जिभेवर खेळू लागत. भाषा शिकण्याची ही रीत आज कोणास कठोर वाटेल. तरी तिने कित्येक पिढ्यांचे कान तयार केले, हे नाकारता येणार नाही. त्र्यंबकाच्या कवितेत शब्द इतके अलगद एकापुढे एक येतात, की ते जुळवून बसविले आहेत असे कधी वाटत नाही. त्यामागे लहानपणी ऐकलेल्या या ओव्या, आर्या आणि श्लोक आहेत. ‘वनमुकुंद’ या नावातही पुराणातला कृष्ण आणि नवापूरचे रान ही दोन्ही एकत्र आली आहेत.

ग्रंथकारांना बक्षिसे देण्याची चाल त्या काळी नव्हती असे नाही. पेशव्यांच्या अमदानीत विद्वानांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अंमल आल्यावर तिच्या रकमेतून चांगल्या मराठी पुस्तकांना पारितोषिके देण्याची व्यवस्था झाली, आणि ते काम पाहणाऱ्या मंडळास दक्षिणा प्राइज कमिटी म्हणत. पण ही पारितोषिके प्रौढ ग्रंथकारांसाठी होती. गावोगाव बदली होणाऱ्या पोलिसाच्या मुलाने वहीत लिहिलेली कविता अशा कमिटीपुढे जाणार कोठून? तिची वाट जळगाववरून गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी जळगाव हे शहर मराठी कवितेचे एक मोठे केंद्र होते. नारायण नरसिंह फडणीस हे 1887 पासून तेथे ‘काव्यरत्नावली’ नावाचे मासिक चालवीत. या मासिकात केवळ कविता छापल्या जात. आज ही गोष्ट नवलाची वाटेल, परंतु फडणिसांनी ते मासिक पुढे कित्येक वर्षे निष्ठेने चालविले. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते केशवसुत खानदेशातच भडगाव व फैजपूर येथे शिक्षक होते. 1905 साली प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1907 साली, जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. दूरदूरचे कवी आले. वयोवृद्ध, नावाजलेले, पागोटी व उपरणी ल्यालेले ते लोक. अध्यक्षस्थानी कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे होते.

कीर्तिकर हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. त्यांनी लष्करात डॉक्टरचे काम केले, स्वतः कविता रचल्या, आणि या दोहोंहूनही अधिक नाव वनस्पतिशास्त्रात मिळविले. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्यांनी आणि बामनदास बसू यांनी मिळून लिहिलेला सचित्र ग्रंथ 1918 साली बाहेर पडला. तो अभ्यासक आजही चाळतात. ग्रंथ छापून झाला तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. आदल्याच वर्षी ते वारले होते. ज्या माणसाने जन्मभर पाने, फुले आणि मुळ्या पारखल्या, त्याच्याच हातून फुलांचे गाणे गाणाऱ्या मुलाची पारख व्हावी, हा योग मोठा सुंदर होता.

त्या सभेत सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे उभा राहिला. एवढ्या जाणत्या कवींसमोर बोलायचे म्हणजे भल्याभल्यांची जीभ कोरडी पडावी. त्याने आपली कविता म्हटली. आपण लहान आहोत, काव्यशास्त्र आपणास ठाऊक नाही, अशी विनवणी तिच्या आरंभीच होती. पण ती विनवणी ज्या सफाईने, ज्या गोड लयीत आली होती, तिनेच तिचे म्हणणे खोटे पाडले. मोठ्या कवींच्या पंगतीत हा मुलगा पाहुणा म्हणून आला होता, आणि ऐकता ऐकता साऱ्यांना तो आपल्यातलाच वाटू लागला. अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली.

त्या पदवीने त्र्यंबकाच्या घरची ओढगस्त संपली नाही. शाळेच्या परीक्षेत तिचे गुण मिळण्यासारखे नव्हते, आणि तिच्या बळावर नोकरीही मिळणार नव्हती. असे असूनही तिचे मोल मोठे होते. तोवर कविता करणे हा त्या मुलाचा एक नाद होता. वडीलधाऱ्यांना असले नाद अभ्यासात विघ्न आणणारे वाटत. आता जाणकारांच्या सभेने तो नाद मान्य केला. ज्या भाषेत तो आपल्याशीच गुणगुणत होता, ती भाषा ऐकायला महाराष्ट्र उत्सुक आहे, हे त्याला पहिल्यांदा कळले. कोवळ्या वयात असा शब्द ऐकावयास मिळणे हे भाग्य असते. तो शब्द ऐकण्यापूर्वीच पुष्कळांच्या वह्या बंद होऊन जातात.

या कौतुकाला एक दुसरी बाजूही होती. पदवी मिळालेल्या मुलाकडे सारे डोळे लावून बसतात. आज सुंदर लिहिलेस, उद्या याहून सुंदर लिही, असे त्याला न बोलता सांगितले जाते. त्र्यंबकाचा स्वभाव हळवा, लहरी व मानी होता. त्याच्यावर या अपेक्षेचे ओझे पडले नसेल असे म्हणवत नाही. पण त्याला लवकरच एक घर असे मिळाले, की तेथे कौतुकही होई आणि कानउघाडणीही होई.

ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. टिळक हे त्या पिढीतील थोर कवी होते. फुलांवर व मुलांवर त्यांनी इतक्या कविता लिहिल्या, की त्यांना लोक फुलामुलांचे कवी म्हणत. जळगावच्या संमेलनात त्यांनी या मुलाला पाहिले आणि त्याला आपल्या अहमदनगरच्या घरी ठेवून घेतले. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या काळच्या समजुती फार कडक होत्या. भिन्न धर्माच्या घरी जेवणे-राहणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि लोकांनी नावे ठेवण्यास तेवढे कारण पुरे होते. तरीही ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले. आपला धर्म त्यांनी सोडला नाही, आणि त्या घराची मायाही सोडली नाही.

त्या घराची खरी माउली लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे लग्न लहानपणीच झाले. त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर. अक्षरओळख अशी उशिरा झालेल्या या बाईंनी पुढे कविता लिहिल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीतील उत्तमोत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. त्याच पुस्तकात ठोंबऱ्यांच्या आठवणीही आहेत. त्या वाचल्या म्हणजे पदवीचा कवी मागे पडतो, आणि घरात हसणारा, रुसणारा, हट्ट करणारा एक पोरसवदा तरुण डोळ्यांपुढे उभा राहतो. टिळक आणि लक्ष्मीबाई या दोघांच्या सहवासात ठोंबऱ्यांची भाषा घडली. घरात सकाळ-संध्याकाळ कवितेच्याच गोष्टी चालत. एखाद्या शब्दावरून वाद होत. ऐटबाज संस्कृत शब्दापेक्षा घरगुती मराठी शब्द केव्हा अधिक शोभतो, हे तेथे नकळत शिकावयास मिळे. कोणत्याही शाळेत याहून चांगला मराठीचा तास झाला नसता.

आणि मग कवितांना बहर आला. ‘अरुण’, ‘फुलराणी’, ‘निर्झरास’, ‘तारकांचे गाणे’, ‘संध्यारजनी’, ‘श्रावणमास’, ‘औदुंबर’ अशा एकाहून एक सरस कविता त्यांनी लिहिल्या. निसर्गावर त्यांच्यापूर्वीही पुष्कळांनी लिहिले होते. जुन्या कवींच्या काव्यांत वसंत येई, चंद्र उगवे, कोकिळा गाई. परंतु ती बहुधा राजाराणीच्या कथेमागे लावलेल्या पडद्यासारखी असत. बालकवींनी तो पडदाच रंगभूमीवर पुढे आणला. त्यांच्या कवितेत कळी ही लाजरी मुलगी होते, झरा हा खेळकर पोर होतो, पहाट सोन्याचे सडे घालीत येते आणि संध्याकाळ हळूच दिवा मालवते. लहान मूल आपल्या बाहुलीशी ज्या विश्वासाने बोलते, त्याच विश्वासाने हा कवी ताऱ्याशी व ओढ्याशी बोलतो. म्हणूनच त्याची कविता मुलांना समजावून सांगावी लागत नाही. तिचा एखादा अवघड शब्द अडला, तरी मुले त्यावरून उडी मारून पुढे जातात.

‘औदुंबर’ ही कविता तर अवघ्या आठ ओळींची आहे. एका खेड्याजवळचे साधे दृश्य तीत आहे. टेकडी, शेते, पायवाट, ओढा आणि पाण्याकाठचे एक झाड, एवढेच. तरीही या आठ ओळींचा अर्थ लावण्यासाठी विद्वानांनी किती शाई खर्च केली, याला सुमार नाही. त्या झाडाच्या रूपाने कवी काय सांगू पाहतो, यावर आजवर वाद चालू आहे. मुलांनी या वादात पडू नये. डोळे मिटून ते चित्र पाहता आले, म्हणजे पुष्कळ झाले.

बालकवी या नावाने एक चूक मात्र अनेकदा होते. बालकवी म्हणजे मुलांसाठी लिहिणारा कवी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ही पदवी देणारांच्या मनात बालवयातच कवी झालेला, असा अर्थ होता. ठोंबऱ्यांनी मुलांकरिता म्हणून मुद्दाम फारसे लिहिले नाही. मुलांनी आपण होऊन त्यांच्या कविता उचलल्या. नावाची गंमत अशी, की ते वाढत्या वयाबरोबर बदलत नाही. पंचविशी गाठली, संसार मांडला, दुःखे भोगली, तरी महाराष्ट्राच्या लेखी ठोंबरे बालकच राहिले.

आणि दुःखे थोडी नव्हती. शिक्षणाची घडी अखेरपर्यंत नीट बसली नाही. बडोदे, अहमदनगर, पुणे, महाबळेश्वर अशा निरनिराळ्या गावी त्यांचे राहणे झाले. हितचिंतकांनी मदत केली, त्यांनी स्वतः काही काळ शिक्षकाची नोकरीही केली, परंतु एका जागी मन ठरले नाही. पैशाची चणचण कायम होती. संसारातही स्वास्थ्य लाभले नाही. पुण्यात नाटककार राम गणेश गडकरी यांच्यासारख्या प्रतिभावान मित्राचा स्नेह लाभला. त्या दोघांची मैत्री हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक हृद्य भाग आहे. तरी ठोंबऱ्यांच्या मनातली हुरहूर कमी झाली नाही. आनंदाचे गाणे गाणारा हा कवी एकाएकी खिन्न होऊन बसे. त्या खिन्नतेतून निराळ्याच कविता जन्माला आल्या. ‘पारवा’ ही त्यांपैकी एक, ‘खेड्यातील रात्र’ ही दुसरी. पाठ्यपुस्तकांतून बहुधा त्यांच्या हसऱ्या कविताच येतात, त्यामुळे हे उदास सूर मुलांच्या कानी सहसा पडत नाहीत. मोठेपणी ते अवश्य ऐकावेत. फुलराणीचे लग्न लावणाऱ्या त्याच लेखणीने अंधाऱ्या खेड्याची भयाण शांतता रेखाटली आहे, हे तेव्हा कळेल.

तारीख 5 मे 1918. जळगावहून भुसावळकडे जाताना भादली नावाचे लहानसे स्थानक लागते. तेथे आगगाडीखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. वय अठ्ठाविसाव्या वर्षात होते. ज्या खानदेशात ते जन्मले, ज्या जळगावात त्यांना नाव मिळाले, तेथून हाकेच्या अंतरावर हा घाला पडला. लागलीच पुढच्या वर्षी, जानेवारी 1919 मध्ये गडकरी गेले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात टिळकही गेले. अवघ्या एका वर्षाच्या अवधीत मराठी कवितेची तीन माणसे हरपली.

ठोंबऱ्यांच्या कविता मासिकांतून विखुरल्या होत्या. काही मित्रांच्या संग्रही होत्या, काही कागदांवर तशाच पडून होत्या. आपल्या कवितांचे पुस्तक हाती घेऊन पाहण्याचे सुख कवीला लाभले नाही. त्यांच्या मागे इतरांनी त्या जमविल्या, ताडून पाहिल्या आणि संग्रहरूपाने छापल्या. हे काम करणाऱ्यांचे ऋण वाचकांनी मानले पाहिजे. कारण कविता लिहिणारा गेला, आणि कागद जपणारा कोणी निघाला नाही, म्हणजे भाषेचे धन वाळूत जिरलेल्या पाण्यासारखे नाहीसे होते.

खानदेशात असे आणखी एकदा घडता घडता राहिले. बालकवी जळगावच्या सभेत कविता म्हणत होते, त्याच काळात जवळच्या असोद्याची लेक आणि जळगावची सून बहिणाबाई चौधरी शेतात व घरात काम करता करता ओव्या रचीत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना पदवी द्यायला कोणतीही सभा भरली नाही. त्यांच्या ओव्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, जपून ठेवल्या होत्या. त्या आईच्या मृत्यूनंतर, 1952 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला.

पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर शासनाने उत्कृष्ट मराठी पुस्तकांना वाङ्मय पुरस्कार देण्यास आरंभ केला. हल्ली यांपैकी अनेक पुरस्कारांस थोर लेखकांची नावे दिली आहेत. नवोदित कवीच्या पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरी यांच्या नावे आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. मुलांच्या कादंबरीला साने गुरुजी पुरस्कार मिळतो, छोट्या गोष्टींना राजा मंगळवेढेकर पुरस्कार मिळतो, छंद व शास्त्रे यांवरील पुस्तकाला यदुनाथ थत्ते पुरस्कार मिळतो. आणि मुलांच्या कवितासंग्रहाला जो पुरस्कार मिळतो, त्याचे नाव बालकवी पुरस्कार. वर्षभरात निघालेली पुस्तके परीक्षक वाचतात, त्यांतून एक निवडतात, आणि त्या पुस्तकाचे नाव वृत्तपत्रांत छापून येते. ते वाचून एखादा ग्रंथपाल ते पुस्तक मागवितो, एखादे शिक्षक ते वर्गात वाचून दाखवितात, आणि कोठल्या तरी गावच्या मुलाच्या हाती ते पोहोचते. त्र्यंबक ठोंबऱ्याच्या लहानपणी अशी सोय नव्हती. ज्याने मुलांसाठी म्हणून लिहिले नाही, त्याचेच नाव मुलांच्या कवितेच्या पुरस्काराला मिळाले. नावाबाबतची जुनी चूक येथे मोठ्या प्रेमाने पक्की झाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

नवापूरचा पत्ता मधल्या काळात पुष्कळ वेळा बदलला. बालकवी तेथे होते तेव्हा सारा खानदेश एकच जिल्हा होता. 1906 साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि नवापूर पश्चिम खानदेशात आले. पुढे तो भाग धुळे जिल्हा झाला, आणि 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. रंगावली मात्र त्याच वाटेने वाहते. तेथील पुष्कळ मुले घरी मावची किंवा भिलोरी बोलतात, बाजारात त्यांच्या कानी गुजराती व अहिराणी पडते, आणि पुस्तकी मराठीची खरी ओळख त्यांना शाळेत होते. श्रावण लागला, की डोंगरावर ऊन आणि पाऊस यांचा खेळ सुरू होतो. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केलेली बालकवींची ती श्रावणाची कविता अशा दिवसांत वर्गात निघाली, तर नवापूरच्या मुलांना चित्र पाहण्यासाठी पुस्तकाचे पान उलटावे लागत नाही. ते खिडकीबाहेर असते.